बाथरूमची सोय आहे का? (बेनितिए बेटाच्या पोस्टवरील प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार अनामिक,

प्रतिक्रियेत 'आमच्या मिसेस' आल्या आहेत, म्हणून तुम्ही पुरुष आहात असं धरून चालते. चुकलं असेल तर माफी.

तुमची मूळ प्रतिक्रिया सगळे उघडून वाचतीलच असं नाही, म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. मी पोस्टमध्ये चांगली म्हटलेली, मॉरिशसच्या बेनितिए बेटाची ती कॅटमरानची (दोन सांगाडे शेजारी जोडलेल्या मोठ्या बोटीची) दिवसभराची सहल म्हणजे 'तरंगता बार'. 'ऑल इन्क्लुझिव्ह'च्या नावाखाली माणसं मेंढरांसारखी बोटीत भरतात. एखाद्या कोळ्याची पिरोग, म्हणजे छोटी होडी, ठरवली असती तर अर्ध्या पैशात खरं बेट दिसलं असतं. शाकाहारी माणसाचे हाल होतात, तुमच्या मिसेसनी दिवसभर काकडी खाल्ली. डॉल्फिनबद्दलचं माझं वाक्य वाचून तुम्हाला 'शिसारी आली'. कास्कावेलसारखं मराठी माणसांचं गाव गाडीने अर्ध्या तासाच्या आत असताना डेकवर लोळत पडणारी मी 'कसली मराठी ब्लॉगर'. आणि जाता जाता एक टोला : सहल फुकट मिळाली होती का?

शेवटून सुरू करते. नाही मिळाली. माणशी अडीच हजार मॉरिशस रुपये, म्हणजे आपले साडेचार हजारांच्या वर, तिघांचे रोख मोजले. पावती आहे. फुकट मिळाली असती तर पोस्टच्या पहिल्या ओळीत सांगितलं असतं. या ब्लॉगवर ते नेहमीच सांगते.

आता 'ऑल इन्क्लुझिव्ह'. तुम्हाला त्यात लबाडी दिसते, मला त्यात आपली अमर्यादित थाळी दिसते. पाटीवर 'अमर्यादित', आणि बासुंदी मागितली की 'त्याचे वेगळे, ताई'. आमच्या सहलीत हॉटेलातून नेणं-आणणं, दुपारचं जेवण, सरबतं, बिअर, रम, पाण्यात तोंड घालून मासे बघायचा चष्मा आणि नळी, हे सगळं होतं. नव्हतं ते एकच, ज्याच्या नावाने सहल विकली ते बेट! नारळीची रांग समोर दिसत होती, तिथे नांगर टाकला, जेवण बोटीवरच. वाळूत पाय ठेवायचा तर छोट्या होडीचे पैसे वेगळे. हे पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, आज वर भर घातली आहे. पैसे भरण्याआधी 'बेटावर उतरवणार का?' एवढं सरळ विचारावं. 'बेट दाखवणार' आणि 'बेटावर नेणार' यांत अख्ख्या होडीचं अंतर असतं.

पण मग मी ती सहल चांगली का म्हटली? त्याचं उत्तर मूळ पोस्टमध्ये नव्हतं. लिहायला संकोच वाटला होता.

आमच्याबरोबर सासूबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा बदललेला. मूळच्या गुहागरकडच्या, लहानपणी दाभोळच्या खाडीत तरीने ये-जा केलेल्या, तेव्हा पाण्याची भीती अशी नाही. हॉटेलच्या लॉबीत आम्ही तीन-चार सहलींची माहितीपत्रकं पसरून बसलो होतो. नवरा वेग विचारत होता, मी फोटो बघत होते. सासूबाईंचा प्रश्न एकच : "बाथरूमची सोय आहे का?"

तुम्ही सुचवलेल्या पिरोगमध्ये ती नसते. पिरोग देखणी असते, मान्य. पूर्वी लाकडाची असायची, आता बहुतेक फायबरच्या, रंगवलेल्या. पण चढायचं गुडघाभर पाण्यातून, बसायचं आडव्या फळीवर, सावली असली तर असली. अशा दिवशी आपल्याकडच्या बायका काय करतात ते मिसेसना विचारून बघा. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद! एसटीच्या प्रवासात केलं, अष्टविनायकाला केलं, लग्नाच्या वऱ्हाडात केलं, आणि उन्हात डोकं धरलं की 'मला पित्ताचा त्रास आहे' असं सांगितलं. आमच्या सासूबाईंनी हे पन्नास वर्षं केलंय. मीही करते.

कॅटमरानला धक्क्यावरून फळी टाकून चढता आलं. खाली उतरायला पाच पायऱ्या, बाजूला कठडा, आत स्वच्छ कमोड. सासूबाई आधी तिथे जाऊन सगळं बघून आल्या, मग वर सावलीत बसल्या आणि त्यांनी अननसाचं सरबत मागितलं. दिवसभरात तीन ग्लास प्यायल्या. ते तीन ग्लास मी मोजले, नवऱ्याच्या बिअर मोजल्या नाहीत.

बोटीबद्दलही एक-दोन गोष्टी, कारण 'बारला शिडं लावली की झाली कॅटमरान' असं तुम्ही लिहिलंय. शब्द तमिळ आहे, कट्टुमरम्, म्हणजे बांधलेली लाकडं. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरीने आवळून त्यावरून समुद्रात जायचे. साहेबाने नाव उचललं आणि पुढे दोन सांगाड्यांच्या बोटीला दिलं. आता त्या नावाची पांढरी फायबरची बोट मॉरिशसमध्ये तिथली क्रेओल भाषा बोलणारी पोरं चालवतात आणि आपण मराठीत तिच्यावरून भांडतो. दोन सांगाड्यांमुळे ती एका अंगाला कलत नाही आणि खाली फार खोल जात नाही, म्हणून उथळ लगूनमध्ये चालते. मॉरिशसला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाचं कुंपण आहे. लांबवर लाटा फुटल्याची पांढरी रेघ दिसते आणि आतलं पाणी तळ्यासारखं. पुढच्या बाजूला दोन सांगाड्यांच्या मधे जाळं ताणलेलं असतं. सासूबाई त्या जाळ्यावर पाय पसरून बसल्या. भोकांतून खाली आधी निळं, मग हिरवं, मग थेट वाळू दिसायला लागली. बोटीने वळण घेतलं तसं खालून पाणी उडालं आणि सलवार पोटरीपर्यंत भिजली. "अगं, गार आहे!" म्हणाल्या. मी टॉवेल पुढे केला तर घेतला नाही.

शिडांचं मात्र तुमचं खरं. जाताना इंजिनावरच गेलो. येताना अर्धा-पाऊण तास शीड उभारलं, तेही फोटोसाठीच असावं असा मला संशय आहे.

बारचं म्हणाल तर आमच्या बोटीवर पाण्यातलं सगळं उरकून माणसं मोजून वर घेतल्यावरच रम बाहेर आली. तुमच्या बोटीवर चढताक्षणी ग्लास हातात दिला असेल तर तक्रार रास्त आहे, तसल्या बोटीवर मीही कुणाला पाठवणार नाही. दोन वाजेपर्यंत आमच्याकडेही एका घोळक्याचा आवाज चढला होता, पण आपल्याकडच्या हळदीच्या मानाने काहीच नाही.

काकडीचं दुःख मी समजू शकते. शेगडीवर कोंबडी, मासा आणि सॉसेज, बाजूला भात, कोबीचं सॅलड, पाव. शाकाहारी म्हणून आगाऊ सांगितलं होतं, तर भाजलेला बटाटा आणि काडीला टोचलेल्या भाज्या मिळाल्या, पण चिमटा तोच होता. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सकाळी निघताना रस्त्यावरच्या टपरीवरून डाळपुरी बांधून घ्यावी. पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली मऊ लुसलुशीत पोळी, बिनगुळाची पुरणपोळीच म्हणा ना. जोडीने विकतात, आत घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि टोमॅटोची चटणी. थंडही छान लागते. सासूबाईंनी एक खाल्ली आणि कणीक कमी मळलीय म्हणाल्या. मग दुसरी खाल्ली.

आता डॉल्फिन.

मी लिहिलं होतं : 'तामारिनच्या उपसागरात डॉल्फिन आमच्या स्वागताला आले आणि मनसोक्त बागडले.' हे वाक्य खोटं आहे, आणि ते लिहिताना मला माहीत होतं. जे पाहिलं ते असं. सकाळी साडेआठचा सुमार. बोटी मोजायला घेतल्या, चौदापर्यंत आल्यावर सोडून दिलं. पाण्यावर पाठीचे काळे पर दिसले की सगळ्या लहान वेगवान बोटी वळसा घालून त्यांच्या पुढे जायच्या, 'उडी मारा, उडी मारा' असा ओरडा व्हायचा, आठ-दहा माणसं धप्पकन पाण्यात. डॉल्फिन बुडी मारून लांब निघायचे. माणसांना शिडीवरून ओढून वर घ्यायचं, पुन्हा पाठलाग. आमची कॅटमरान अवजड, म्हणून मागे राहिली. पण तीही मागे मागे गेलीच, आणि आमच्या पैशाने गेली.

तिथे बहुतेक स्पिनर डॉल्फिन असतात. रात्री बाहेर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी उथळ, वाळूच्या तळाच्या उपसागरात विश्रांतीला येतात. म्हणजे रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या खोलीत आपण बँजो घेऊन वरात घालतो. हे मला परत आल्यावर वाचून कळलं असं म्हणता आलं असतं, पण बोटीवरच्या पोऱ्यानेच सांगितलं होतं. मी विचारलं, रोज असंच असतं का? तो म्हणाला, रविवारी जास्त. तरी मी घरी येऊन 'मनसोक्त बागडले' लिहिलं, कारण फोटो सुंदर आला होता आणि त्याखाली दुसरं काही शोभत नव्हतं. एवढ्यापुरती तुमची शिसारी मी डोक्यावर घेते. वाक्य काढून टाकलंय, फोटोही काढून टाकलाय. बेटाची सहल डॉल्फिनचा भाग वगळून मिळते का ते आधी विचारा, आणि कोळ्याच्या पिरोगवाल्यालाही विचारा, कारण त्या चौदांत पिरोगी नव्हत्या असं नाही. तारकर्लीला आणि गोव्याला जे 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत' असतं, त्यातही इंजिन डॉल्फिनच्या मागेच लावलेलं असतं. तिथे मी दोनदा गेलेय. दोन्ही पोस्ट याच ब्लॉगवर आहेत आणि दोन्हींत कुणीतरी बागडलंच आहे.

माझ्या पोस्टमध्ये नव्हती आणि तुमच्या प्रतिक्रियेतही नाही अशी एक गोष्ट मात्र राहिली. त्या बोटीवरून दिवसभर समोर दिसतो तो ल मॉर्नचा डोंगर, 556 मीटरचा, समुद्रातून सरळ वर उठलेला काळा कडा. पळून गेलेले गुलाम त्याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहायचे. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. ते सांगायला शिपाई डोंगराकडे निघाले, वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली आख्यायिका. 2008 पासून तो डोंगर जागतिक वारसास्थळ आहे. आमच्या बोटीवर त्याच्या पायथ्याशी स्पीकरवर सेगा लागला होता, म्हणजे त्याच गुलामांच्या वस्त्यांतून आलेलं गाणं आणि नाच. खलाशी शिकवत होता, पाय उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे, कंबर हलवायची. सगळे नाचले. मीही नाचले. डोंगराबद्दल त्याने एकच वाक्य सांगितलं : फोटोला इथे उभे राहा, मागे पूर्ण येतो. विचारल्यावर बाकीचं सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. पण ते कुणी विचारलं तरच.

कास्कावेलचं. तुम्ही धरूनच चाललात की आम्ही गेलो नाही. गेलो होतो, चौथ्या दिवशी, आणि त्यावर पोस्ट अजून लिहिलेली नाही, कारण बोटीचं लिहायला एक संध्याकाळ पुरते, त्याला पुरत नाही. उसाच्या मळ्यांवर काम करायला कोकणातून माणसं तिथे गेली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळांत मराठी शिकवतात, आणि गणपतीत नाचतात त्या नाचाला ते 'झाकरी' म्हणतात. सासूबाईंनी शब्द ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे आपली जाखडी." त्यापुढे दीड तास आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही. ते सगळं बोटीच्या पोस्टमध्ये चार ओळींत कोंबायचं नव्हतं. त्यामुळे 'कसली मराठी ब्लॉगर' हे तूर्त राखून ठेवा, ती पोस्ट वाचून ठरवा. गणपतीच्या आधी टाकते.

पिरोगने अर्ध्या पैशात होतं यावर मी वाद घालत नाही. तुमच्या माहितीचा कुणी पिरोगवाला असेल तर त्याचा पत्ता ब्लॉगच्या मेलवर पाठवा, इथे उघड्यावर नको. किती माणसं बसतात, वर छप्पर आहे का, आणि चढायला शिडी आहे की पाण्यातून जावं लागतं, तेवढंही लिहा. मी आणि नवरा पुन्हा गेलो तर त्याच्याकडेच जाऊ.