व्हर्नन रॉइल आणि त्या 21 धावा

नमस्कार. रॉइलवरच्या माझ्या लेखावरील सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: एकच कसोटी, त्यात 3 आणि 18 धावा, एवढ्यावर इंग्लंडचे जुने क्रिकेटपटू आणि पाद्री रेव्हरंड व्हर्नन रॉइल यांचं कौतुक कशाला? ऑक्सफर्डच्या श्रीमंत पोरांना खेळून झाल्यावर चर्चमध्ये आयती जागा मिळायची. लिहायचंच तर क्रिकेट सोडून मिशनरी झालेल्या सी. टी. स्टडवर लिहा, त्याने 1885 मध्ये चीन गाठलं आणि वारसाहक्काचा पैसा वाटून टाकला.

स्टडबद्दल मलाही आदर आहे. पण रॉइलना धावांवरून जोखणं मला साफ अमान्य आहे. ते कव्हर पॉइंटला (फलंदाजाच्या ऑफ बाजूची क्षेत्ररक्षणाची जागा) उभे राहत आणि तिथे वाचवलेली धाव स्कोअरबुकात कुठेच चढत नाही. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने चेंडू उचलायचे, आणि उचलणं नि फेकणं ही एकच हालचाल असायची. यॉर्कशरच्या टॉम एमेटचा किस्सा प्रसिद्ध आहे. जोडीदाराने कव्हरकडे मारून चोरटी धाव मागितली, तर एमेटने जागेवरूनच त्याला थांबवलं: अरे, तिकडे पोलीस उभा आहे!

आता ती कसोटी. जानेवारी 1879, मेलबर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. इंग्लंडचे कर्णधार लॉर्ड हॅरिस, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि ज्यांच्या नावाच्या शिल्डवर आपली शाळकरी पोरं आजही जीव टाकतात. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज स्पॉफर्थने रॉइल, मॅकिनन आणि हाच एमेट यांना लागोपाठच्या चेंडूंवर उडवलं. कसोटीतली पहिली हॅटट्रिक. इंग्लंड 26 वर 7 बाद. स्पॉफर्थने सामन्यात 13 बळी घेतले. त्या पडझडीत कितीतरी नावाजलेले फलंदाज गेले, मग हिशेब एकट्या रॉइलकडेच का मागायचा?

'आयती जागा' हे तर अजिबात पटत नाही. एमेटसारख्या व्यावसायिकाला सामन्याचे पैसे मिळत, हौशी खेळाडूला ते घेणं शोभत नसे. त्यामुळे पोटापाण्यासाठी काहीतरी करणं भाग होतं आणि पदवीधरासाठी चर्च व शाळा हे प्रतिष्ठेचे मार्ग होते. काही पाद्री ऐषारामात राहिले, हे खरं. रॉइल मात्र आयुष्यभर मुलांना शिकवत राहिले: आधी एल्स्ट्री शाळेत, मग 1901 पासून स्टॅनमोर पार्कमध्ये मुख्याध्यापक म्हणून. 1929 मध्ये ते तिथेच वारले. लँकशर काउंटीकडून खेळणं 1891 पर्यंत चालू होतं, पण शाळा सांभाळून.

चीनला जाणं मोठंच. पण वर्षानुवर्षं दहा-बारा वर्षांच्या पोरांना शिकवणं मला त्याहून कमी वाटत नाही. एल्स्ट्रीत त्यांच्या हाताखाली क्रिकेट शिकलेल्यांत आर्ची मॅक्लारेन होता. 1895 मध्ये टाँटनला लँकशरसाठी 424 धावा काढल्या, तो हाच.