चित्र बीबीसीचं, बोलणं ज्याचं त्याचं

नमस्कार,

ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नांचं परदेशी वाहिन्या जे प्रक्षेपण करतात, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही न्यू जर्सीहून मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ती मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 2011 साली विल्यम आणि केट यांचं लग्न 200 कोटी लोकांनी पाहिलं, एवढ्या लोकांना जे आवडलं त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. सगळ्या वाहिन्यांवर चित्र एकच होतं, मग दोष वाहिन्यांचा कसा? लग्नासारख्या मंगल प्रसंगी राजकारण उकरून काढणं असंस्कृत आहे. आणि शेवटी, मराठी वाचकाला या विषयाचं काय पडलंय? तुम्ही असंही लिहिलंत की मुलीला घेऊन पहाटे सहाला टीव्हीसमोर बसलात आणि ती सकाळ दोघांनाही अजून आठवते.

त्या सकाळीबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. लग्न बघून आनंद वाटणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते वृत्तवाहिनी म्हणवणाऱ्या संस्थेशी, जी चार-पाच तास पडदा अडवून बसते आणि त्या वेळात पत्रकाराचं काम बाजूला ठेवते.

आधी 200 कोटींचं बघू. हा आकडा लग्नाच्या आधीचा आहे, नंतरचा नाही. तेव्हाचे ब्रिटनचे सांस्कृतिक मंत्री जेरेमी हंट यांनी तो अंदाज म्हणून सांगितला होता. जगातल्या बऱ्याच देशांत प्रेक्षक मोजण्याची विश्वासार्ह सोयच नाही. जिथे आहे तिथले आकडे असे: अमेरिकेत प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीनुसार 11 वाहिन्यांवर मिळून सुमारे 2 कोटी 28 लाख, आणि ब्रिटनमध्ये साधारण अडीच कोटी. म्हणजे ज्या दोन देशांत सर्वांत जास्त गाजावाजा झाला तिथे मिळून पाच कोटीही भरत नाहीत. उरलेले 195 कोटी कुठून आले, हे कोणी दाखवलेलं नाही. तेव्हा जगाची लोकसंख्या 700 कोटींच्या आसपास होती. तान्ह्या बाळांपासून वीज न पोहोचलेल्या गावांपर्यंत सगळे धरले तरी दर साडेतीन माणसांमागे एक जण त्या वेळी टीव्हीपुढे बसला होता, असं मानावं लागेल. 1981 मध्ये चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नाला 75 कोटी प्रेक्षक होते असं सांगतात, तोही अंदाजच. मंत्र्याने सांगितलेला आकडा पडताळून बघणं हे वृत्तवाहिनीचं रोजचं काम. त्या आठवड्यात मात्र तोच आकडा सगळीकडे बातमी म्हणून वाचला जात होता.

आता तुमचा दुसरा मुद्दा. तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि माझा लेखही तिथूनच सुरू होतो. चित्र एकच होतं हे अगदी खरं. मुख्य प्रक्षेपक बीबीसी. लग्न झालं त्या वेस्टमिन्स्टर ॲबे चर्चच्या आत कोणतीही वाहिनी वाटेल तिथे कॅमेरा लावू शकत नव्हती. अमेरिकेचं एनबीसी असो, जर्मनीचं झेडडीएफ असो की आपल्याकडची एखादी वृत्तवाहिनी असो, वधू गाडीतून उतरतानाचं दृश्य सगळ्यांना एकाच ठिकाणाहून मिळत होतं. परदेशी वाहिन्यांनी स्वतःचं म्हणून जे उभारलं ते बकिंगहॅम राजवाड्यासमोरचे तात्पुरते स्टुडिओ. मागे राजवाडा दिसेल अशी जागा मिळवायला मोठमोठ्या वाहिन्यांनी बराच पैसा मोजला.

पण हे चित्र अटींसह येतं. 2011 च्या लग्नाआधी ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीने आपल्या दुसऱ्या चॅनेलवर 'द चेझर' या विनोदी चमूचं थेट समालोचन ठेवलं होतं. लग्न दोन-तीन दिवसांवर आलं आणि कार्यक्रम रद्द करावा लागला. ज्या करारानुसार चित्र मिळणार होतं त्यातच अट होती, की नाट्य, विनोद, उपहास किंवा तशा करमणुकीच्या कार्यक्रमात हे चित्रण वापरता येणार नाही. एबीसीने ही अट क्लॅरेन्स हाउसकडून, म्हणजे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या कार्यालयाकडून, आल्याचं सांगितलं. थोडा विचार करा. ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रप्रमुख याच घराण्यातला. तिथल्या करदात्यांच्या पैशावर चालणारी वाहिनी, आपल्याच देशात, आपल्याच प्रेक्षकांसाठी, आपल्याच भावी राजाच्या लग्नावर कोणत्या सुरात बोलायचं हे ठरवू शकली नाही. कार्यक्रम विनोदी होता, त्यामुळे फार बिघडलं नाही असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. चित्राचा मालक जेव्हा चित्रावर काय बोलायचं हेही ठरवतो, तेव्हा ती पत्रकारिता उरत नाही.

ही त्या एकाच लग्नाची गोष्ट असती तर मी एवढं ताणलं नसतं. 2022 मध्ये राणी एलिझाबेथच्या अंत्यविधीनंतर ब्रिटनच्याच वाहिन्यांवर असं बंधन आलं, की मोजकं, तासाभराचं चित्रण पुढच्या वापरासाठी निवडून ठेवायचं आणि बाकीचं वापरायचं तर राजवाड्याची परवानगी घ्यायची.

याचं मूळ फार जुनं आहे. 1953 च्या राज्याभिषेकाचं चित्रण ब्रिटिश हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी अटलांटिकपार नेलं गेलं. ते आधी कोण दाखवतं यासाठी एनबीसी आणि सीबीएस यांच्यात शर्यत लागली होती. एनबीसीच्या 'टुडे' कार्यक्रमात तेव्हा जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी असायचा. राज्याभिषेकाच्या प्रक्षेपणात तोही झळकला आणि ब्रिटनमध्ये संतापाची लाट उसळली. त्या वेळी तिथे खासगी वाहिनीला परवानगी द्यावी की नाही यावर वाद चालू होता. विरोधकांच्या हाती आयतं उदाहरण आलं आणि प्रकरण संसदेपर्यंत पोहोचलं. औपचारिक राजसोहळ्याचं प्रक्षेपण जाहिरातींसाठी थांबवायचं नाही, हा ब्रिटनमधला नियम त्याच काळजीतून आलेला आहे. हा नियम मला आवडतो, हे मुद्दाम सांगतो. तुम्ही अमेरिकेत तेच लग्न जाहिरातींसह पाहिलं असणार. पण पावित्र्य जपायला जाहिरात नको म्हणणं वेगळं आणि वेगळा सूर नको म्हणणं वेगळं. पहिल्या गोष्टीच्या आडून दुसरी गोष्ट कधी आत शिरली, ते परदेशी वाहिन्यांनी विचारायला हवं होतं.

तर चित्र एकच, तेही बांधलेलं. मग वाहिनीच्या हातात उरतं काय? बोलणं. म्हणूनच माझा सगळा रोख समालोचनावर आहे.

तिथे काय होतं बघा. प्रत्येक परदेशी वाहिनीला राजघराण्याचा 'जाणकार' लागतो आणि ब्रिटिश उच्चार असला की जाणकारी आपोआप सिद्ध होते. मे 2018 मध्ये, हॅरी आणि मेगन यांच्या लग्नाच्या तोंडावर, एका अमेरिकी वृत्तपत्राने उघड केलं की अनेक देशांच्या वाहिन्यांवर अस्सल ब्रिटिश थाटात बोलणारे, राजेशाही समर्थकांच्या एका संस्थेचे प्रमुख म्हणवणारे गृहस्थ मुळात न्यूयॉर्क राज्यातले आहेत. त्यांनी कोणता उच्चार निवडावा हा त्यांचा प्रश्न. पण एकाही वाहिनीने एक साधी चौकशी करू नये? एरवी अर्थसंकल्पावर बोलायला कोणी आणायचं तर त्याची पदवी, नोकरी, लेखन सगळं बघतात. 2021 मध्ये तर दोन यूट्यूबरनी काही राजघराणे-तज्ज्ञांना हॅरी-मेगन यांच्या गाजलेल्या मुलाखतीवर प्रतिक्रिया मागितली, मुलाखत प्रसारित होण्याआधीच. न पाहिलेल्या मुलाखतीवर त्यांनी ठाम मतं दिली. लग्नाच्या दिवशी तुम्ही-आम्ही ऐकतो ते बोलणं याच पठडीतलं.

आणि हे सगळं चालू असताना बाहेर काय घडत असतं? तुम्ही म्हणता राजकारण उकरून काढू नये. 29 एप्रिल 2011 रोजी ते लंडनच्या रस्त्यांवरच होतं, कोणी उकरायची गरज नव्हती. राजेशाहीविरोधी 'रिपब्लिक' संघटनेचा मेळावा रेड लायन चौकात भरला होता. त्याच दिवशी पोलिसांनी काही जणांना, शांतताभंग होऊ शकतो एवढ्या शक्यतेवर, काही घडण्याआधीच धरलं आणि सोहळा आटोपल्यावर सोडून दिलं. ते लोक न्यायालयात गेले, प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि 2017 मध्ये निकाल पोलिसांच्या बाजूने लागला. पोलीस बरोबर असतीलही. पण एका लोकशाही देशात लग्नाच्या दिवशी माणसं आधीच ताब्यात घेतली जातात, ही परदेशी प्रेक्षकाच्या दृष्टीने पहिल्या दर्जाची बातमी आहे. राजवाड्यासमोरच्या स्टुडिओतून रेड लायन चौक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. 27 एप्रिलला अमेरिकेच्या दक्षिण भागात भयंकर टोर्नेडो वादळं झाली, एकट्या अलाबामात 200 हून अधिक माणसं मेली. एनबीसीचे अँकर ब्रायन विल्यम्स लग्नासाठी लंडनला पोहोचले आणि लगेच उलट्या पावली परतले. त्या निर्णयाचं मला मनापासून कौतुक आहे. लग्न मंगल आहे म्हणून बाकीचं जग थांबत नाही, हे त्यांनी आपल्या कृतीतून दाखवलं. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याचं माझं उत्तर यातच आहे.

परदेशी वाहिनीने लग्न दाखवूच नये असं मी कुठेही म्हटलेलं नाही. उलट परक्या नजरेला कधीकधी जे दिसतं ते घरच्यांना दिसत नाही. 19 मे 2018 ला विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपलमध्ये अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चचे प्रमुख, त्या पदावरचे पहिले कृष्णवर्णीय बिशप मायकल करी प्रवचनाला उभे राहिले. मार्टिन ल्यूथर किंगचे शब्द त्यांनी सुरुवातीलाच उद्धृत केले आणि गृहयुद्धापूर्वीच्या दक्षिणेतले गुलाम जी भक्तिगीतं गात त्यांच्यापर्यंत ते गेले. समोर बसलेल्या मंडळींचे गोंधळलेले चेहरे कॅमेऱ्याने टिपले आणि बऱ्याच ठिकाणी चर्चा त्या चेहऱ्यांचीच झाली. प्रवचनात काय घडत होतं हे सांगायला तिथे अमेरिकी माणूसच हवा होता. ब्रिटिश राजघराण्याच्या चॅपलमध्ये, गुलामगिरीच्या व्यापारावर मोठा झालेल्या साम्राज्याच्या वारसांसमोर, गुलामांच्या वंशजांचं अध्यात्म पहिल्यांदाच एवढ्या ठामपणे उभं होतं. ज्यांनी हे प्रेक्षकांना उलगडून दिलं त्यांनी आपलं काम केलं. त्याच लग्नाच्या समालोचनात कृष्णवर्णीय पाहुण्यांबद्दल आणि गायकांबद्दल जे शेरे मारले गेले त्यावरून जर्मनीत झेडडीएफवर तिथल्याच प्रेक्षकांनी वंशवादाची टीका केली. चित्र दोघांकडेही तेच होतं.

राहिला मराठी वाचकाचा प्रश्न. एप्रिल 2005 मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांच्या लग्नाला मुंबईच्या डबेवाल्यांपैकी दोघे विंडसरला गेले होते, 2003 मध्ये चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटून गेले होते म्हणून. हे आपल्याला पाठ आहे. 2018 चं मात्र फार थोड्यांना आठवतं. हॅरी आणि मेगन यांनी आहेराऐवजी सात संस्थांना देणग्या द्या असं सांगितलं, त्यांत ब्रिटनबाहेरची एकच होती: मुंबईची मैना महिला फाउंडेशन. झोपडवस्तीतल्या बायका तिथे स्वस्तातले सॅनिटरी पॅड बनवतात आणि दारोदार विकतात. मी पाहिलेल्या बातम्यांत 'शाही लग्नात मुंबईची शान' एवढंच होतं. वस्तीत पाणी किती वेळ येतं, संडास किती घरांमागे एक आहे, मासिक पाळीबद्दल घरात कोण बोलतं, पॅडवरचा जीएसटी तेव्हा किती होता (12 टक्के होता आणि त्याच वर्षी जुलैत तो हटवला गेला), यातलं काही मला तरी ऐकायला मिळालं नाही. लग्नाच्या निमित्ताने हे सगळं सांगायची आयती संधी होती आणि त्यासाठी बीबीसीच्या चित्राची किंवा राजवाड्याच्या परवानगीची गरज नव्हती. एक कॅमेरा मुंबईतल्याच वस्तीत न्यायचा होता.

एक विनंती. 2018 चं लग्नही तुम्ही अमेरिकेतच पाहिलंत असं लिहिलं आहे. बिशप करींच्या प्रवचनानंतर तुमच्या वाहिनीवरचे निवेदक काय बोलले हे आठवत असेल, किंवा मुलीला आठवत असेल, तर जरूर लिहा, वाहिनीच्या नावासकट.