पॅसेजमधली खुर्ची

आज दुपारी आईचा फोन आला. आवाज पडलेला. म्हणाली, "अगं, सोसायटीचं पत्र आलंय. दाराला चिकटवून गेलेत." लॉबीत खुर्ची, स्टूल किंवा इतर सामान ठेवू नये, ठेवल्यास उचलून नेण्यात येईल. 19 मजल्यांच्या त्या इमारतीत पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसणारी आई एकटीच आहे, त्यामुळे पत्र कुणासाठी आहे ते सांगायला नको. लाल प्लास्टिकची खुर्ची, एक पाय घसरतो म्हणून त्याला चिंधी गुंडाळलेली. संध्याकाळी पाच ते सात ती तिथे बसते. मांडीवर ताटली, ताटलीत लसूण. एवढाच तिचा गुन्हा.

आणि आजच नेमकं माझ्या वॉलवर बीडीडी चाळींवरून, म्हणजे मुंबईतल्या जुन्या सरकारी चाळी पाडून टॉवर बांधतायत त्यावरून, भांडण चालू आहे. वरळीला 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हापासून हे थांबलेलंच नाही. एक म्हणतो, 160 फुटांच्या खोलीतून 500 फुटांच्या मालकीच्या घरात गेले, तेही फुकट, अजून काय पाहिजे? दुसरा म्हणतो, 40 मजली खुराडी बांधली, चाळीचं चाळपण मारलं, ती उघडी दारं गेली, तो शेजार गेला.

चाळपणाचे गोडवे गाणाऱ्यांनो, तुमच्यातल्या किती जणांनी सकाळी डबा घेऊन रांगेत नंबर लावलाय?

आमची चाळ लालबागची. बीडीडी नाही, खाजगी, पागडीची, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्यावर घेतलेल्या खोल्यांची. मजल्यावर 14 बिऱ्हाडं आणि टोकाला चार संडास. त्यातल्या शेवटच्याची कडी मोडलेली होती. मी सातवीत होते तेव्हापासून मोडलेली होती आणि माझं लग्न झालं तेव्हाही मोडलेलीच होती. रात्री जायची वेळ आली की मी आईला उठवायची. आई एका हातात बादली, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन पुढे चालायची आणि मी आत गेले की बाहेरून दाराला पाय लावून उभी राहायची. दिवसभर घरकाम, पहाटे चारला नळाचं पाणी, आणि मधे रात्री दीडला दाराला पाय लावून उभी. एकदा मला आतून तिचा पाय थरथरताना कळला होता. दार हलत होतं.

तेव्हा संडास घरात हवा, कडी आतून लागली पाहिजे, यावर मी कुणाशीही वाद घालणार नाही. बाई म्हणून तर नाहीच. ज्याला नवं घर खुराडं वाटतं त्याने खुशाल चाळीतली खोली घेऊन राहून दाखवावं.

आणि बीडीडीबद्दल बोलताना निदान ती चाळ आतून पाहून तरी बोला. लोक ज्या गॅलरीसाठी रडतायत ती गिरगाव-लालबागच्या चाळींना होती, लाकडी कठड्याची, रस्त्याकडे उघडणारी. बीडीडीला मधोमध अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर 20. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी बांधल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती. सिमेंट काँक्रीटच्या बराकी होत्या त्या. सुरुवातीला लोक राहायलाही तयार नव्हते, खोल्या रिकाम्या पडून होत्या. तिथे जो शेजार झाला तो माणसांनी केला, नकाशाने नाही.

हे लिहिलं आणि थांबले. कारण मग माझी आई पॅसेजमध्ये का बसते?

त्या अंधाऱ्या पॅसेजमध्येही दारात बसता येत होतं. पाट टाकला, स्टो बाहेर आणला, पोरं अभ्यासाला बसली. आमच्याकडे तर गॅलरी हीच मोठी खोली होती. माझी दहावी गॅलरीत झाली. बाबा रात्रपाळी करून दिवसा झोपायचे ते गॅलरीत. पापड वाळायचे तिथे, भांडणं व्हायची तिथे आणि मिटायचीही तिथेच. ती जागा कुणाच्याच नावावर नव्हती, म्हणून सगळ्यांची होती.

आमची चाळ पाडून झालेल्या नव्या इमारतीत आईच्या मजल्यावर लिफ्टसमोर चकचकीत फरशी आहे, दुपारी बाराला दिवे लावावे लागतात आणि सहा बंद दारं आहेत. खिडकी एकच, कोपऱ्यात, फायर डक्टच्या बाजूला. आई तिथेच खुर्ची टाकते. घरात हॉल आहे, टीव्ही आहे, बाल्कनीच्या नावाने एक ग्रिल आहे. तरी ती बाहेर बसते, कारण घरात बसलं की कुणी येता-जाताना दिसत नाही.

कळतंय मला, आगीचे नियम आहेत. जिना आणि वाट मोकळी हवी, लोकांचा जीव महत्त्वाचा. मान्य. पण मग जिथे माणूस बसू शकेल अशी एक जागा नकाशातच का नाही काढली? उंच इमारतीत जमत नाही असं कुणी सांगू नका. कंबाला हिलवर आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी कांचनजंगा ही उंच इमारत बांधली, 1983 साली पूर्ण झाली, दोन-दोन मजले उंचीच्या मोकळ्या गच्च्या आहेत तिला. श्रीमंतांच्या मनोऱ्याला वारा मिळतो. गिरणी कामगाराच्या बायकोला पॅसेजमध्ये दोन फूट द्यायचे म्हटले की नियम आठवतात.

आणि राग फक्त नकाशे काढणाऱ्यांवरच नाही. रिडेव्हलपमेंटच्या सगळ्या मीटिंगांना आईच्या वतीने मीच जात होते. तीन वर्षं आम्ही फुटांसाठी भांडलो. कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, किती, भाडं किती, पार्किंग मिळणार का. नकाशा टेबलावर पसरलेला असायचा. पॅसेज किती रुंद आहे, त्याला उजेड कुठून येतो, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. गॅलरी कार्पेटमध्ये धरत नाहीत ना, मग ती मोजायची कशाला! आई एकदा हळूच म्हणाली होती, "बाहेर बसायला काय असेल गं?" मी म्हटलं, "आई, आता स्वतःचा हॉल असेल तुला." ती गप्प बसली. ते आज दुपारपासून डोक्यातून जात नाहीये.

जी बाई माझ्यासाठी इतकी वर्षं रात्री पॅसेजमध्ये उभी राहिली, तिला आता पॅसेजमध्ये नुसतं बसायचं आहे.

माझ्या यादीत नायगावचे, ना. म. जोशी मार्गाचे, शिवडीचे बरेच जण आहात. काहींच्या इमारती अजून उठायच्या आहेत, काहींच्या पागडीच्या चाळींचे नकाशे आत्ता मंजुरीला चाललेत. फुटांसाठी भांडा, जरूर भांडा, ते तुमच्या हक्काचं आहे. पण पुढच्या मीटिंगला नकाशावर पॅसेजवर बोट ठेवा आणि विचारा, इथे खिडकी कुठे आहे? इथे दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या तर मधून स्ट्रेचर जाईल का? जात नसेल तर आत्ताच सांगा, स्लॅब टाकून झाल्यावर कुणी ऐकत नाही.

मी उद्या सोसायटीत जाणार आहे. खिडकीजवळच्या कोपऱ्यासाठी अर्ज लिहिलाय, टेप घेऊन मापही काढून आणणार आहे, वाट किती उरते त्याचं. सध्या आईने खुर्ची आत घेतलीय. दार उघडं ठेवून उंबऱ्याच्या आत बसलीय म्हणे. समोरच्या घरातली छोटी मुलगी शाळेतून आली, तिने विचारलं, "आजी, आज आत का?"