खुलासा : डेक्सा स्कॅनला ‘कसंही झोपा, आकडा तोच’ हे खरं नाही
नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय की हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये सगळं मशीनच करतं, बटण कोणीही दाबावं. साफ चूक. खुब्याच्या स्कॅनला पाय १५ ते २५ अंश आत वळवून पट्ट्याने बांधतात, म्हणजे मांडीच्या हाडाची मान (खुब्याजवळचा अरुंद भाग) टेबलाला समांतर येते. पाय ढिला सोडला की मान आखूड दिसते आणि घनता फुगते. आजीचं हाड मजबूत, पण कागदावरच! कमरेच्या स्कॅनला पोटऱ्यांखाली ठोकळा असतो. हे हाताला शिकवावं लागतं. शिवाय तंत्रज्ञाने ३० जणांचा दोनदा किंवा १५ जणांचा तीनदा स्कॅन करून, मध्ये टेबलावरून उतरवून, स्वतःच्या मोजणीतला फरक काढायचा असतो. तो माहीत नसेल तर ‘घनता २ टक्के घटली’ याला फारसा अर्थ नाही. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा.