‘अनट्रू’ आणि उसने आवाज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लंडनच्या बेरिअल या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराच्या ‘अनट्रू’ अल्बमवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं (‘ठेका चुकणाऱ्या पोराच्या पाठीवर थाप मारायची नसते’ हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय), आणि तिसऱ्या वाचनात कळलं की एका ठिकाणी तुम्ही सरळसरळ बरोबर आहात. म्हणून आधी तेच.

‘अनट्रू’ला २००८ चा मर्क्युरी पुरस्कार (ब्रिटनमधला, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा) मिळाला असं मी लिहिलं होतं. मिळाला नव्हता. अल्बम अंतिम यादीत होता, पुरस्कार नेला एल्बो या बँडने. आठवणीवर विसंबून लिहिलं आणि तोंडघशी पडले. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

आता उरलेलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा : बेरिअलचा हा दुसरा अल्बम म्हणजे इतरांच्या गाण्यांचे तुकडे चोरून शिवलेली गोधडी आहे, त्याला ठेका धरता येत नाही आणि लोक त्यालाच शैली म्हणतात, तोंड लपवणं हा विक्रीचा फंडा, आणि ज्या बाईने लंडन पाहिलेलं नाही तिने लंडनच्या रात्रीवर पानंच्या पानं लिहू नयेत. तुम्ही स्वतः चार वर्षं दक्षिण लंडनमधल्या टूटिंगला होतात, रात्रपाळी करून पहाटे घरी यायचात, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांमधून असलंच संगीत ऐकून तुमचं डोकं उठायचं, हेही तुम्ही लिहिलंय. त्या गाड्यांकडे मी शेवटी येते.

ठेक्यापासून सुरुवात करू, कारण तुम्ही तबला शिकलेले आहात आणि इथे तुमच्याशी भांडायला मजा येईल. नव्वदच्या दशकात लंडनमध्ये गराज नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार फोफावला. त्याची जी टू-स्टेप नावाची शाखा फुटली तिने एकच खोडी केली. नेहमीच्या नाचाच्या संगीतात चारही मात्रांवर ‘धम्’ पडतो. यांनी त्यातले काही धम् काढून टाकले किंवा आडजागी सरकवले. जागा राहिली, आघात गेला. पाय पडायला जातो तर पायरीच नाही. पण स्नेअर, म्हणजे तो ‘टक्’ वाजणारा ड्रम, मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हजर असतो. बेरिअल ऐकताना तुम्ही खालच्या धम्वर सम शोधताय असं मला वाटतं, आणि ती तिथे तुम्हाला मिळणार नाही. एकदा फक्त स्नेअरचं बोट धरून या अल्बममधलं ‘आर्कएंजल’ ऐका. मधले किरकोळ आवाज, म्हणजे ती खटखट, खुळखुळ, काहीतरी जमिनीवर सांडल्यासारखं वाजणारं, हे सगळं त्या दोन खांबांमध्ये झुलत राहतं.

आणि झुलणं हाच खरा मुद्दा. कॉम्प्युटरवर संगीत करणारी बहुतेक मंडळी सिक्वेन्सर वापरतात. त्यात चौकटी आखलेल्या असतात. आवाज ढकलला की तो आपोआप जवळच्या रेषेला चिकटतो, केसाइतकाही इकडेतिकडे होत नाही. बेरिअलने हे वापरलंच नाही. त्याच्याकडे होतं साउंड फोर्ज, जे मुळात ध्वनिफितींची काटछाट करायचं सॉफ्टवेअर आहे. समोर आवाजाची लाट दिसते, तिच्यावर दुसरा आवाज आणून टाकायचा, डोळ्यांनी अंदाज घ्यायचा. ठोके बरोबर बसले की ती लाट माशाच्या काट्यासारखी दिसते, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही ज्याला ‘ठेका धरता येत नाही’ म्हणता, तो ठोका न् ठोका हाताने ठेवलेला आहे. मिनिटाला एकशेतीसच्या पुढच्या लयीत, एका अल्बमभर. ज्याला खरंच लय नाही त्याने चौकटींचा आधार घेतला असता, नाही का? सोपं तेच होतं.

चोरीबद्दल. इथे मला थोडं मागे सरकावं लागेल. ‘आर्कएंजल’मधला आवाज रे जे या अमेरिकन गायकाच्या गाण्यातला आहे, ‘घोस्ट हार्डवेअर’मध्ये क्रिस्टिना अगिलेरा या गायिकेचा आहे, आणि माझ्या दोन हजार शब्दांच्या लेखात या दोघांपैकी एकाचंही नाव नव्हतं. ‘भुतासारखे आवाज’ असं काव्यमय लिहून मी मोकळी झाले. तो आवाज लावायला एक माणूस स्टुडिओत उभा राहिला होता, हे विसरून चालत नाही. तुमचा राग या बाबतीत माझ्यावर असेल तर तो मान्य.

पण चोरी आणि गोधडी हे दोन शब्द तुम्ही एका दमात वापरलेत, तिथे मी अडले. गोधडी कोणी चोरते का? जुनेर आपलं असो की शेजारणीचं, टाके तर आपलेच. रे जेचं मूळ गाणं ऐकून मग ‘आर्कएंजल’ ऐका. मूळ गाण्यात एक माणूस गेलेल्या प्रेयसीबद्दल गुळगुळीत तक्रार करतोय. बेरिअलने त्यातली अर्धीमुर्धी वाक्यं उचलली, स्वर वर-खाली ओढला, शब्दांचे काठ कुरतडले. आता गाणारा पुरुष आहे की बाई ते कळत नाही, कोणाला उद्देशून तेही कळत नाही. रात्री गावाबाहेरच्या कुठल्याशा मांडवातून कर्ण्याचा आवाज येतो, वाऱ्याने शब्द विरतात आणि नुसता हेल आपल्यापर्यंत पोचतो, तसं काहीसं. मूळ गाणं मला दोनदा ऐकवलं नाही. हे गेली कित्येक वर्षं ऐकतेय.

हे गाणं कसं झालं तेही सांगते, कारण ‘हिशोबी माल’ हा तुमचा शब्द मला लागला. २००७ च्या अखेरीस ‘द वायर’ या संगीत मासिकासाठी समीक्षक मार्क फिशरने बेरिअलची मुलाखत घेतली होती. पहिला अल्बम २००६ मध्ये आला, गाजला, आणि त्यानंतर हा गडी जास्त काळोखी, जास्त तांत्रिक कारागिरीची गाणी करत बसला. ती त्यालाच आवडेनात. त्यात त्याचा कुत्रा गेला. आई म्हणाली, सगळ्यांना सोड, चहा कर, रात्री जाग आणि एक गाणं कर. वीस मिनिटांनी त्याने आईला फोन केला : तू सांगितलेलं गाणं झालं. तेच ‘आर्कएंजल’. आईला फोन करून सांगितलेल्या गाण्याला मी तरी हिशोबी म्हणणार नाही.

‘पहिला अल्बम खरा, दुसरा पातळ’ हे तुमचं मत मात्र मी खोडून काढणार नाही. पहिल्यात रस्ते रिकामे आहेत, बेसचं वजन छातीवर येतं, आणि बरेच जण आजही त्यालाच मोठं मानतात. दुसऱ्यात त्या रिकाम्या रस्त्यांवर माणसांचे आवाज आले. मला माणसं हवी होती. ‘सगळी गाणी सारखी’ हा आरोप अर्धा खरा आहे. ‘होमलेस’च्या आसपास मीही पेंगते. पण ‘शेल ऑफ लाइट’ शेवटपर्यंत ऐकलंत का? ठेका गळून पडतो आणि नुसता ओला, पसरलेला सूर उरतो, ती जागा आल्यावर सांगा.

तोंड लपवण्याबद्दल दोनच ओळी. नोव्हेंबर २००७ मध्ये हायपरडब या संगीत कंपनीने अल्बम काढला तेव्हा बेरिअलचं खरं नाव मोजक्यांना माहीत होतं. मर्क्युरीच्या यादीत नाव आल्यावर ‘द सन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने शोधमोहीम उघडली, मग ऑगस्ट २००८ मध्ये त्याने स्वतःच मायस्पेसवर एक फोटो टाकला, विल बेव्हन हे नाव सांगितलं, आणि पुन्हा गप्प. मंचावर आला नाही, दौरे केले नाहीत. हा विक्रीचा फंडा असेल तर दुकानदार फारच आळशी म्हणायचा.

राहिलं लंडन. खरंय, मी पाहिलेलं नाही. कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावर हेडफोन लावून लिहिलंय. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आणून द्यायची आहे. हा अल्बम ज्या रेव्ह पार्ट्यांच्या, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्यांच्या, आठवणीने ओथंबलाय, त्या पार्ट्यांना बेरिअलही गेलेला नाही. तो तेव्हा लहान होता. जायचे त्याचे थोरले भाऊ. ते घरी आणायचे कॅसेटी आणि किस्से, आणि हा ते ऐकत बसायचा. म्हणजे उसने आवाज, उसनी रात्र, उसनी आठवण. जे आपल्या वाट्याला आलंच नाही त्याची हुरहुर, एवढाच या अल्बमचा ऐवज आहे. म्हणून ते गायकही पूर्ण गाऊ शकत नाहीत. त्याने कोणाला स्टुडिओत बोलावून नवं कडवं गाऊन घेतलं असतं तर तो आवाज ‘इथला’ झाला असता, समोर उभा राहिला असता. सगळं भिंतीपलीकडून यायला हवं होतं. मी लंडनबाहेर उभी राहून ऐकते, तो पार्टीबाहेर उभा राहून ऐकत होता. तो मला परका वाटत नाही तो यामुळे.

आता तुमच्या गाड्या. बेरिअलच्या पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर दक्षिण लंडनचा आकाशातून घेतलेला फोटो आहे, वॉन्ड्सवर्थचा. टूटिंग त्याच बरोमध्ये, म्हणजे लंडनच्या त्याच प्रशासकीय विभागात, येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमचा मुक्काम २००३ पर्यंत होता म्हणालात. म्हणजे टू-स्टेप अगदी भरात असताना आणि मग ओसरताना तुम्ही पहाटेच्या फुटपाथवर होतात, आणि हा मुलगा त्याच भागात कुठेतरी वाढत होता. तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यात जिवंत ओळ हीच आहे : ‘गाडी वळून गेली तरी तो घुमणारा आवाज काचेत राहायचा.’ मी पानं खर्चून हे लिहू शकले नाही.

तेव्हा एक विचारते. गाडी लांब गेल्यावर आधी काय विरायचं, शब्द की बेस? आणि पाऊस असला की फरक पडायचा का? भांडण बाजूला ठेवून एवढं लिहाल का, सविस्तर? प्रतिक्रियेत मावलं नाही तर ईमेल करा.