‘मुंबईतले सात बंद मोहल्ले’ : त्या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. ‘मुंबईतले सात मोहल्ले, जिथे आता आपण पाऊलही ठेवू शकत नाही.’ मशीद बंदर, डोंगरी, धोबी तलाव, खोताची वाडी, माझगाव, धारावी आणि वरळी कोळीवाडा. प्रत्येक नावाखाली दोन-तीन ओळी, आणि शेवटी ‘बाहेरच्यांनी शहर गिळलं, जागे व्हा, मुलींना तिकडे पाठवू नका’. माझ्या मावसबहिणीने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि त्याच संध्याकाळी आपल्या मुलीला कॉलेजच्या अभ्यास दौऱ्यातून नाव काढून घ्यायला लावलं. पोरगी आर्किटेक्चरला आहे. दौरा डोंगरी आणि मशीद बंदरचा होता. जुन्या वस्त्या बघायच्या नाहीत, तर तिने शिकायचं तरी काय? ताईला फोनवर सांगून झालं, पटलं नाही. म्हणून आता सगळ्यांसाठीच लिहिते.

पहिला मुद्दा असा : ‘मशीद बंदर. नावातच सगळं आलं. तिथल्या इस्रायल मोहल्ल्यात परदेशी ज्यू राहतात, आत कुणाला घेत नाहीत.’

अख्ख्या मेसेजमध्ये याहून निर्बुद्ध ओळ नाही. ज्या ‘जुन्या मशिदी’वरून स्टेशनला नाव पडलं असं सांगतात, ती मुसलमानांची नाहीच. ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, शाआर हारहमीम सिनेगॉग, सॅम्युएल स्ट्रीटवरचं. स्थापना १७९६ ची. आणि ते उभारलं कुणी? सामाजी हसाजी दिवेकर यांनी. कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी, टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले, त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी हे सिनेगॉग बांधलं असं बेने इस्रायली समाज, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सांगत आला आहे. दिवेकर. दिवेआगरचे. या आडनावात कुणाला परदेश दिसतो?

बेने इस्रायली लोक कितीतरी शतकं आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबाग-पेणच्या पट्ट्यात राहिले. पेणकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर ही त्यांची आडनावं. गावात त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. घरात मराठी. बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनं करत. लग्नकार्यात, नवस फेडताना मलिदा करतात : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, बाजूला फळं, आणि ताट मधे ठेवून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची प्रार्थना. कोकणातल्या कुठल्याही घरात ते पोहे ओळखीचे वाटतील. यातले बरेच लोक पुढे इस्रायलला गेले आणि तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. महालक्ष्मीहून वरळीला जाताना ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून आपण जातो, ते मोझेस याच समाजातले, १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा, अभिनेते डेव्हिड, हेसुद्धा चेऊलकर. हे परदेशी असतील तर मग मराठी कोण, हे एकदा मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

एक गोष्ट मान्य करावी लागते. सिनेगॉगच्या दारावर ओळखपत्र मागतात, कधी आधी कळवून या म्हणतात. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाऊस या ज्यूंच्या केंद्रावर हल्ला झाल्यापासून ही काळजी वाढली आहे, आणि ती घेतलीच पाहिजे. पण ओळख विचारणं म्हणजे बंदी नव्हे. आणि त्या मोहल्ल्यात आता ज्यू कुटुंबं फारशी उरलेलीही नाहीत. कुणी ठाण्याला गेलं, कुणी देश सोडून. म्हणजे ‘परदेशी ज्यू राहतात’ यातलं ‘परदेशी’ही चूक आणि ‘राहतात’ही जवळजवळ चूकच.

आता डोंगरी. मेसेज म्हणतो, ‘इथे पोलीससुद्धा जात नाहीत. आपल्या माणसाचा या भागाशी काही संबंध नाही.’

डोंगरीत डोंगरी पोलीस ठाणं आहे, भर वस्तीत. पोलिसांबद्दल एवढं पुरे. माझगाव डोंगरीच्या टोळ्या, तस्करी, १९८० च्या दशकातली दहशत हे सगळं घडलं, दाऊद इथेच वाढला, त्यात खोटं काही नाही. पण त्याला आता चाळीस वर्षं होत आली, आणि एका टोळीच्या नावाने लाखो माणसांच्या वस्तीला डाग लावून ठेवायचा हा कुठला न्याय? ‘आपला संबंध नाही’ या वाक्याचा तर मला मनापासून राग आला. कोल्हापूरच्या दिवाणांवर वर्तमानपत्रात टीका केली म्हणून १८८२ साली टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली, ती त्यांनी डोंगरीच्याच तुरुंगात भोगली. तिथल्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिलं. मराठी पत्रकारितेच्या इतिहासात डोंगरी पहिल्या काही पानांतच येते, आणि आज मराठी घरातल्या मुलीला सांगायचं की तिकडे फिरकू नकोस.

त्याच डोंगरीत इमामवाड्याला १८६० सालची मुघल मशीद आहे. मोगलांशी तिचा संबंध नाही. शिराझहून आलेल्या एका इराणी व्यापाऱ्याने ती बांधली. इराण्यांना तेव्हा इथे ‘मुघल’ म्हणत. नेहमीचा घुमट तिला नाही. दर्शनी भिंतभर निळ्या फरशा, त्यांवर वेलबुट्टी आणि फारसी-अरबी अक्षरं, आत मोठं अंगण, मधोमध हौद आणि भोवती झाडं. बाहेरच्या रस्त्यावर हातगाड्या आणि हॉर्नचा कालवा असतो आणि दाराच्या आत दहा पावलांवर पाण्याचा गारवा लागतो. हे अंतर नकाशावर शिकवता येत नाही, उभं राहूनच कळतं. माझ्या भाचीने बघायला हवं होतं ते हेच.

धोबी तलावाबद्दल लिहिलंय, ‘गोव्याच्या लोकांचे दारूचे क्लब.’ या ओळीवर मी जास्त बोलणार आहे, कारण इथे आपलंच घर आहे.

धोबी तलाव, चिरा बाजार, माझगाव या भागांत गोवेकरांच्या ‘कूड’ आहेत. पाटीवर ‘क्लब ऑफ’ आणि पुढे गावाचं नाव असतं, एवढ्यावरून कुणीतरी दारूचा अड्डा ठरवून टाकला. कूड म्हणजे एकेका गावाने मुंबईत धरलेली सामायिक खोली. जहाजावर नोकरी करणारा खलाशी, आचारी, वाजंत्री गावाहून आला की इथे उतरायचा, बोलावणं येईपर्यंत राहायचा. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, रात्री चटई पसरायची, सकाळी गुंडाळायची. एका बाजूला गावच्या संताची वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची हा नियम. भाडं नावापुरतं. गावाचा माणूस एवढीच जामीन.

आता लालबाग-परळ आठवा. गिरणीत लागलेला चाकरमानी गावकीच्या खोलीवरच उतरायचा ना? पाळीपाळीने झोपायचं, दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला आडवा, जेवण खाणावळीत, पैसे मनिऑर्डरने गावी. कोकणातल्या अनेक गावांच्या अशा खोल्या मुंबईत होत्या, काही आजही आहेत. कूड आणि गावकीची खोली यांत फरक फक्त देवाचा.

‘बाहेरच्यांनी शहर गिळलं’ म्हणणाऱ्यांनी एकच कागद बघावा, १९११ ची जनगणना. तेव्हा मुंबईची लोकसंख्या ९ लाख ८० हजारांच्या आसपास होती आणि त्यातले शंभरात जेमतेम २० लोक इथे जन्मलेले होते. बाकीचे ८० बाहेरून आलेले. त्या बाहेरच्यांत सगळ्यात मोठा गट कुणाचा? रत्नागिरी जिल्ह्याचा, ज्यात तेव्हा आजचा सिंधुदुर्गही होता. म्हणजे आपले पणजोबा. त्यांना कुणी ‘मोहल्ला करून राहतात’ म्हणून हिणवलं असतं तर? नव्या शहरात माणूस आधी आपल्या भाषेचा, आपल्या गावचा शेजार शोधतो. इराण्याने डोंगरीत शोधला, गोवेकराने धोबी तलावाला, आपण गिरणगावात. याच मेसेजमधल्या बहुतेक मुद्द्यांना हा एक आकडा पुरतो.

खोताची वाडी ‘पोर्तुगीजांची कॉलनी’ नाही. गिरगावातली ती जमीन खोतांची, म्हणून ती खोताची वाडी. लाकडी जिने आणि व्हरांड्यांचे बंगले बांधून राहिले ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती, इथलेच मूळचे लोक, घरात मराठीचीच एक बोली बोलणारे. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, नोकरीसाठी गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला. ‘फोटो काढले की भांडतात’ हे मात्र अर्धं खरं आहे. लोकांच्या ओट्यावर चढून प्री-वेडिंग शूट करणाऱ्यांना ते ओरडतात, आणि ओरडायलाच हवं. विचारून काढा, बहुतेक जण हो म्हणतात. त्या वाडीला खरी भीती टॉवरची आहे. एकेकाळी पासष्टच्या घरात असलेले बंगले आता निम्मेही राहिले नाहीत.

माझगावात ‘चिनी हेर’ नाहीत. एक छोटंसं लाल चिनी मंदिर आहे, १९१९ चं, आणि त्याची देखभाल करणारी मोजकी माणसं. १९६२ च्या युद्धानंतर या देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बहुतेक आसाम-बंगालमधल्या, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. लहान मुलं, म्हातारे, सगळे. हेर म्हणून बोट दाखवल्यावर काय होतं हे त्या लोकांनी भोगलेलं आहे. पुन्हा तेच बोट दाखवू नका.

धारावीबद्दलच्या ‘भिकाऱ्यांची वस्ती’ला उत्तर देण्यासारखं काही नाही. गर्दी आहे, गटारं उघडी आहेत, कबूल. पण दिवाळीला आपल्या दारात लागतात त्यांतल्या कितीतरी पणत्या तिथल्या कुंभारवाड्यात सौराष्ट्राहून आलेल्या कुंभारांच्या भट्टीतून येतात. काम करणाऱ्याला भिकारी म्हणू नये.

राहिला वरळी कोळीवाडा. ‘समुद्रावर अतिक्रमण करून बसलेली झोपडपट्टी.’ इंग्रज यायच्या आधी, पोर्तुगीज यायच्याही आधी या बेटांवर कोळी होते. बाकी बहुतेक ठिकाणी माणसं निदान कुठून तरी आली. इथली आलीच नाहीत, होतीच. आणि ही ओळ नुसती चुकीची नाही, तिने नुकसान होतं. कोळीवाड्यांच्या हद्दी मोजा, घरांबरोबर मासळी सुकवायच्या आणि होड्या ओढायच्या जागाही त्यात धरा, कागदावर आणा, ही कोळ्यांची जुनी मागणी आहे. हद्द ठरलेली नसली की घराशेजारची मासळी सुकवायची मोकळी खळी रिकामी जमीन म्हणून दिसतात आणि जुनी दाटीची घरं झोपडपट्टी म्हणून. ‘अतिक्रमण’ असं लिहून पुढे पाठवणारा प्रत्येक जण त्या भांडणात बिल्डरच्या बाजूने साक्ष देतोय. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पाठवलाय त्यांनी बाकी काही नाही तरी ही ओळ चुकीची होती असं त्याच ग्रुपवर लिहावं, आजच.