समृद्धी महामार्गावर नारळ वाढवायला थांबू नका

मेहकरच्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यात कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश टाकला आणि त्याखाली आपल्या नातवासाठी लिहिले, "परवा नागपूरहून पुण्याला गाडी घेऊन निघशील, तेव्हा यात सांगितलेल्या जागी दोन मिनिटं थांब आणि नारळ वाढव." हाच संदेश त्याआधी मला तिघांकडून आला होता आणि तिन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. आता तो घरातल्या गाडी चालवणाऱ्या मुलापर्यंत, म्हणजे माझ्या भाच्यापर्यंत, पोचला असल्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: लोणारला पडलेल्या उल्केमुळे समृद्धी महामार्गाच्या मेहकर ते सिंदखेडराजा या भागात जमिनीखाली लोखंडाचा चुंबकीय पट्टा तयार झाला असून तो वेगातल्या गाड्या ओढतो, सरळ रस्ता माणसाला भूल घालतो, नायट्रोजन न भरलेले टायर या रस्त्यावर फुटतातच, ठरावीक किलोमीटरवर पुन्हा पुन्हा अपघात होतात, म्हणजे ती जागा बाधित आहे, तेव्हा तिथे थांबून नारळ वाढवावा, आणि सरकारने कितीही उपाय केले तरी लिहिलेले चुकत नाही.

चुंबकीय पट्ट्यावर फार वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. लोणारचे विवर बेसाल्ट या काळ्या दगडात आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे कण असतात, त्यामुळे एखाद्या कड्याजवळ होकायंत्राची सुई थोडी हलते, एवढे खरे. पण सुई वळणे वेगळे आणि टनभर वजनाची गाडी ओढली जाणे वेगळे. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला भरते. फ्रिजच्या दारावर चिकटवलेला शोभेचा चुंबक त्याच्या शंभरपटीच्या आसपास असतो आणि त्याला हातभर अंतरावरची टाचणीही ओढता येत नाही. शिवाय हाच काळा दगड जुन्या मेहकर–सिंदखेडराजा–जालना रस्त्याखालीही आहे. त्या रस्त्याने एसटी पिढ्यानपिढ्या धावते आहे, आणि आत्याचे सगळे माहेरपण त्याच एसटीत गेले आहे. तिला चुंबकाने कधी ओढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

भुलीची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. वळण नाही, चढ-उतार जाणवत नाही, समोर तासन्‌तास तोच करडा सिमेंटचा पट्टा, अशा वेळी डोळे उघडे राहून मेंदू पेंगतो. ताशी 120 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत 100 मीटर पुढे जाते. मात्र यात रस्त्याची करणी नाही, नियोजनाची उणीव आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा वाहतुकीला खुला झाला, तेव्हा चहा, शौचालय आणि आडवे होण्याची जागा या साध्या सोयींची वाटेत वानवा होती. रस्ता आधी आणि विसावा नंतर, या क्रमाची किंमत चालकांनी मोजली, हे संदेश लिहिणाऱ्याला सुचले असते तर मी त्याचे आभार मानले असते.

टायरचे थोडक्यात सांगतो. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो; शुद्ध नायट्रोजनने दाब जरा सावकाश उतरतो, इतकाच लाभ. टायर फुटतो तो झिजलेला असतो, त्यात हवा कमी असते, गाडीत भार जास्त असतो किंवा टायर त्या वेगासाठी बनवलेलाच नसतो, म्हणून.

खरा संताप आहे तो नारळाचा. 'पुन्हा पुन्हा त्याच जागी अपघात' यात गूढ काही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे 500 मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजे अपघातांची पुनरावृत्ती हाच तर अभियंत्यांचा पहिला पुरावा असतो. त्यावरून तिथे कठडा उघडा आहे का, खांब आडवा येतो का, ट्रक कुठे उभे राहतात, हे शोधायचे असते. आणि संदेश काय सुचवतो? नेमक्या त्याच जागी गाडी उभी करा!

द्रुतगती मार्गावर उभी गाडी म्हणजे काय, ते जून 2016 मध्ये मुंबई–पुणे मार्गावर पनवेलजवळच्या शेडुंगला दिसले. टायर पंक्चर झाला म्हणून एक मोटार थांबली होती, मदतीसाठी दुसरी थांबली आणि मागून आलेली बस त्यांच्यावर आदळून 17 जण गेले. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री समृद्धीवरच वैजापूरजवळ सैलानीबाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची गाडी ट्रकवर मागून आदळली आणि 12 जण दगावले. तो ट्रक वाटेतच थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. जे काम तपासणी अधिकाऱ्यांनीही रस्त्यात करू नये, ते आमच्या भाच्याने हातात नारळ घेऊन करावे, असा हा सल्ला आहे. यंत्र-तंत्राचा प्रयोगही करून झालेला आहे. 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी मृत्युमुखी पडले, त्यानंतर काही दिवसांतच तिथे महामृत्युंजय यंत्राचा विधी झाला आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. ती बस दाराच्या बाजूवर आडवी झाल्याने आतल्यांना बाहेर पडता आले नाही. तेव्हा प्रश्न संकटकाळी उघडणाऱ्या दुसऱ्या दाराचा होता, यंत्राचा नव्हे.

राहिले 'लिहिलेले चुकत नाही'. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसे मेली. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी तिथे 'शून्य मृत्यू' प्रकल्प हाती घेतला. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर जाऊन चिकित्सा करायची, पुलाचे कठडे आणि खांब धडकरोधकांनी झाकायचे, दुभाजकातल्या उघड्या फटी बुजवायच्या, कडेला उभी वाहने हटवायची, रुग्णवाहिका लवकर पोचेल अशी व्यवस्था करायची, असे ते काम होते. 2019 साली मृतांचा आकडा 92 वर आला. 2020 चा आकडा याहून कमी आहे, पण ते टाळेबंदीचे वर्ष म्हणून मी तो जमेस धरत नाही. 92 हाही काही मिरवण्याचा आकडा नाही. तरी 94 किलोमीटरच्या त्याच मार्गावर, त्याच घाटात, त्याच पावसात, त्याच चालकांचे 'लिहिलेले' तीन वर्षांत एवढे बदलले, ते दुभाजक, कठडे आणि टोइंगच्या क्रेनमुळे.

समृद्धी दहा जिल्ह्यांतून जातो. बुलढाण्यातल्या अपघातांची चिकित्सा बुलढाण्यात, जालन्यातल्यांची जालन्यात, असे चालले तर थकलेला चालक जिल्ह्याची हद्द बघून पेंगत नाही, हे ध्यानात येत नाही. नागपूरला रात्री दहाला निघालेल्या माणसाचे डोळे कुठे मिटू लागतात, तिथे विसावा हवा. तिथून जखमीवर शस्त्रक्रिया होईल असे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे संपूर्ण पट्ट्याचा नकाशा समोर ठेवूनच ठरवता येते. संदेश पुढे ढकलणाऱ्यांनी आपल्या खासदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना हे विचारावे. जिल्हा रस्ता सुरक्षा समिती त्यासाठीच असते.

आत्याला मी फोन केला. नारळ घरच्या देवापुढे वाढवायचा, भाच्याने रात्री न निघता पहाटे निघायचे आणि दर दोन तासांनी विसाव्याच्या जागीच थांबायचे, यावर तडजोड झाली आहे. संदेश मात्र तिने गटावरून अजून काढलेला नाही.